सहाजणांचं तिघांत

भुजंगचा पुढचा दात पडला तो सदर बाजारात, कन्हैयालाल शेठच्या घरच्या वरातीत, भर चौकात. पडला म्हणजे काय, फुंकता फुंकता सरळ बाजाच्या तोटीत गेला. बाजातून असा काही आवाज निघाला की नवरदेवाची घोडी बिचकली आणि घोडीवाल्यानं भुजंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसरा कोणी असता तर शरमेनं अर्धा झाला असता. भुजंगला मात्र खरं सांगायचं तर हायसं वाटलं. तोंडावर हात धरून तो वरातीतून बाजूला झाला, एका दुकानाच्या ओट्यावर टेकला आणि मनाशी म्हणाला, सुटलो बाबा एकदाचा!

सुटला कशातून ते सांगायला हवं. भुजंग मूळचा घनसावंगीकडचा. बाप पुंजाराम शेती करायचा, थोरला भाऊ रखमाजी शेतीच करायचा, आणि ह्या पठ्ठ्याला नांगराच्या मागं चालायचं म्हटलं की पोटात दुखायचं. सोळाव्या वर्षी तो जालन्याच्या छावणीत आला आणि निजामाच्या फौजेच्या बँडात भरती झाला. बँडमास्तर गोव्याचा होता, भलता कडक. त्यानं भुजंगला युफोनियम दिला, म्हणजे पोटाशी कवटाळून फुंकायचा तो मोठा पितळी बाजा. पाच रेघांवर लिहिलेलं इंग्रजी पद्धतीचं संगीत वाचायलाही त्यानंच शिकवलं, चुकलं की छडी. अठरा वर्षं भुजंगनं तो बाजा वाजवला आणि त्यातही त्याचं काम सेकंडचं. मुख्य चाल वाजवणारे वेगळे, खालून ठेका धरणारे वेगळे, आणि सेकंडवाले ह्या दोघांच्या मधे. मधलं वाजवणाऱ्याकडं कुणी वळून बघत नाही. तो नसला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं खरं, पण काय बिनसलं ते तेव्हाही कुणाला सांगता येत नाही.

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, तिच्याबरोबर बँडही मोडला. मग पाच वर्षं भुजंग लग्नाच्या बँडात फुंकत राहिला. मे महिन्याच्या उन्हात लाल कोट घालायचा, दर दहा पावलांवर थांबायचं आणि तेच ते वाजवायचं. कागदावरून वाचून वाजवणारा तो एकटाच. बाकीचे कानानं वाजवायचे, आणि बऱ्याच जणांचे कानही यथातथाच होते. त्याला त्या कामाचा इतका वीट आला होता की दात पडल्यावर माणूस घरी हसत आला.

पण हायसं वाटून पोट भरत नाही. पुढचा दात नसला की तोटीवर ओठ धरत नाहीत, वारा फुसकन बाजूनं निघून जातो. म्हणजे बाजा बंद, म्हणजे भाकरी बंद.

"दात गेला ते बरंच झालं," त्याची बायको सोनूबाई म्हणाली. "रोज उन्हात जीव जाळून राह्यल्ते तुम्ही. पण मंग आता पुढं काय?"

"पुढं काय म्हंजी? बघू."

"बघू म्हंजी रखमाजीभाऊजींच्या दारात जाऊन बसायचं का? वीस वर्षांनी? जाऊबाई मला एक शबुद बोलणार न्हाईत, नुसतं भाकरी वाढताना बघतील. ते मला सोसणार न्हाई, आधीच सांगून ठिवते."

भुजंगलाही ते सोसणार नव्हतं. दोन महिने त्यानं जालन्यात मिळेल ते केलं. जिनिंगमधे सरकी भरली, नवीन जालन्यात स्टेशनाजवळच्या एका आडतीत पोत्यांवर नावं घातली. आणि पावसाळा संपत आला तसे एक दिवस कारभारी मास्तर त्याच्या दारात येऊन उभे राहिले.

कारभारी मास्तर गावाबाहेरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायचे. प्रार्थनेच्या वेळी व्हायोलिन वाजवायचे. कधीकाळी भुजंगनं त्यांना चारदोन गाण्यांची नोटेशनं स्वच्छ उतरवून दिली होती, ती त्यांच्या ध्यानात होती. "आमच्या मिसबाईंनी बोलावलंय," ते म्हणाले. "अंघोळ करून चल. आणि तोंड जरा कमी उघड."

मिसबाई म्हणजे शाळेच्या मुख्य. स्कॉटलंडच्या. पुण्याला वर्षभर पंडिताकडं बसून त्या मराठी शिकल्या होत्या आणि तो पंडित बहुधा शंभर वर्षं मागं राहत असावा. त्यांचं मराठी ऐकलं की जालन्यातली माणसं आपोआप सावरून बसायची.

"भुजंगराव," त्या म्हणाल्या, "आपणांस संगीताचे लेखन वाचता येते, हे सत्य आहे काय?"

"हौ, मिसबाई. बिलकुल."

मग त्यांनी काम सांगितलं. मिशनच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टरसाहेब तीस वर्षं जालन्यात राहून आता कायमचे मायदेशी निघाले होते. त्यांना निरोप द्यायचा होता. डॉक्टर तरुणपणी आपल्या देशात मित्रांबरोबर एक रचना वाजवायचे. शंभर वर्षांमागच्या कोणा जर्मनानं लिहिलेली. त्या काळात तिकडं लोक पावलोपावली उसासे टाकत संगीत लिहायचे म्हणे, त्यातली ही. डॉक्टर तिची आठवण फार काढायचे. पण ती होती सहा वाद्यांची. दोन व्हायोलिनं, दोन व्हायोला, दोन चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगानं जरा मोठी, आवाजानं जरा खालची. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं ते त्याहून मोठं. आता जालन्यात सहा वाजवणारे आणायचे कुठून? इथं तिघेच. मिसबाई पियानो वाजवायच्या, कारभारी मास्तर व्हायोलिन, आणि चेलो खुद्द डॉक्टरसाहेब. तर सहाजणांचं ते तिघांत बसवून द्यायचं, महिनाभरात, आणि डॉक्टरांना आधी अक्षरही कळू द्यायचं नाही.

"हे कार्य उत्तम झाले," मिसबाई म्हणाल्या, "तर शाळेत संगीतशिक्षकाची जागा रिकामी आहे. निवासाची खोली आवारातच मिळेल."

भुजंगला ते सगळं डोळ्यांपुढं दिसायलाच लागलं. मुलींना शिकवायचं, सावलीत, फुंकायचं नाही, आणि राहायला खोली! सोनूबाईला हे कधी एकदा सांगतो असं त्याला झालं.

मिसबाईंनी उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधलेले कागद पुढं ठेवले. सहा वाद्यांचे सहा वेगळे गठ्ठे. भुजंगनं वरचे उलटले. व्हायोलिनचं कळलं. चेलोचं कळलं. मधल्या दोन गठ्ठ्यांवर, जिथं ओळीच्या सुरुवातीला ओळखीचं चिन्ह असायला हवं, तिथं एक भलतंच चिन्ह होतं. दोन उभ्या रेघा आणि त्यांना चिकटलेले दोन कान. ते त्यानं अठरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह म्हणजे काही नक्षी नव्हे. कुठल्या रेघेवर कुठला सूर बसतो ते तेच सांगतं. ते कळलं नाही तर पुढचं सगळं आंधळं.

"आपणांस ही सर्व चिन्हे अवगत आहेत ना?" मिसबाईंनी विचारलं.

इथं सरळ न्हाई म्हणायचं की नाही माणसानं? पण खोली, सावली, रखमाजीच्या दारातली ती भाकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"सगळी, मिसबाई," भुजंग म्हणाला. "बँडात हेच तर केलं."

अशी थाप मारून तो बाहेर पडला आणि कुंडलिकेच्या पुलापर्यंत पोचेतो त्याला घाम फुटला.

घरी येऊन त्यानं कामाची मांडणी केली ती अशी. सकाळी सोनूबाईनं खोली सारवली की वाळल्या भुईवर गोधडी अंथरायची. तिच्यावर सहा गठ्ठ्यांची सहा पानं एकाखाली एक मांडायची आणि प्रत्येक पानावर एक चिंचोका. त्या कागदावर कुठवर आलो ते चिंचोका दाखवतो. एक ठोका पुढं गेला की सहाही चिंचोके पुढं सरकवायचे, म्हणजे कोणता सूर कोणत्या सुराबरोबर वाजतो ते एका नजरेत दिसतं. ऐकून बघायला पेटी हवी, ती जुन्या जालन्यातल्या भजनी मंडळाकडून मागून आणली. भुजंगला दोन्ही हात पट्ट्यांवर लागायचे, म्हणून भाता मारायला सोनूबाई. बिचारी एका हातानं भाता मारायची आणि दुसऱ्या हातानं ताटलीतले शेंगदाणे निवडायची.

राहिलं ते चिन्ह. भुजंगनं डोकं चालवलं, आणि डोकं चाललं ते बँडाच्या रस्त्यानं. बँडात काही बाजांची पट्टीच वेगळी असते. कागदावर एक सूर लिहितात, बाजातून दुसराच निघतो. वाजवणाऱ्यानं आपलं निमूट वाचायचं आणि लिहिणाऱ्यानं हिशेब ठेवायचा. भुजंगनं ठरवलं की व्हायोलाही तसलंच काहीतरी असणार, चिन्ह त्याचीच खूण. झालं! बँडाच्या नियमानं त्यानं मधल्या दोन ओळींचे सगळे सूर दीड दीड घर सरकवले. चार दिवसांत दहा पानं लिहून झाली. अक्षर असं सुंदर की छापखान्यानं लाजावं.

मग पाचव्या दिवशी पेटीवर वाजवून बघितलं.

सोनूबाईनं भाता सोडला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "अवो, मांजराची शेपूट दारात सापडल्यावानी काय वाजवून राह्यले?"

"हे इकडचं न्हाई, तिकडचं हाय. दुःखाचं हाय. तिकडं दुःख असंच असतंय."

"तिकडं माणसं ऱ्हात्यात का कोण? मला काय फसवता?"

भुजंगही स्वतःला फार वेळ फसवू शकला नाही. वरच्या दोन ओळी वाजवल्या की गोड लागत. खालच्या दोन वाजवल्या की गोड लागत. मधलं घातलं की सगळं नासत होतं. त्यानं दुसरा हिशेब लावून पाहिला, तिसरा लावून पाहिला. कारभारी मास्तरांना आडून आडून विचारलं, पण मास्तरांना व्हायोलिनपलीकडं काही येत नव्हतं. मिसबाईंना विचारायचं तर थाप उघडी पडणार. डॉक्टरांना विचारायचं तर गुपित फुटणार. दोन आठवडे संपले. माणूस जेवेना.

सोनूबाईनंच मग तोड काढली. "मी काय म्हंते, तिथं वाजवणारे तीनच ना? मंग ते मधलं सोडून द्या की. वरचं व्हायोलिनला द्या, खालचं त्या पायातल्याला द्या, उरलंसुरलं पियानोला. मधलं गेलेलं कुणाला कळणार हाय?"

खरंच कुणाला कळणार होतं? भुजंगनं तसं करून पाहिलं. एका दिवसात आठ पानं झाली. पेटीवर वाजवली. साफ, नीट, कुणी नाव ठेवणार नाही अशी. सोनूबाईनं मान डोलावली. नोकरी त्या आठ पानांत होती. कागद गुंडाळून मिसबाईंना नेऊन दिले की झालं.

पण त्याचे पाय निघेनात. एकदा फौजेत कोणी मोठा साहेब तपासणीला येणार होता, तेव्हा बँडमास्तरनं सेकंडवाल्यांना सांगितलं होतं, बाजे तोंडाला लावा पण फुंकू नका, चाल ठळक ऐकू आली पाहिजे. भुजंग भर परेडीत गाल फुगवून उभा राहिला होता, नुसता. साहेब खूश झाला. कुणाला काही कळलं नाही. घरी आल्यावर त्या दिवशी त्याला रडू आलं होतं, आणि कशाचं ते बायकोलाही सांगता आलं नव्हतं. आता तेच आपल्या हातानं दुसऱ्याला करायचं? ज्यानं कोणी ते लिहिलं, त्यानं मधल्या दोघांना उगाच का एवढाल्या ओळी दिल्या असतील?

"न्हाई जमत गं," तो म्हणाला.

"काय न्हाई जमत? झालं की!"

"झालं न्हाई. ह्यात मी नसल्यावानी वाटतंय."

सोनूबाईला राग आला. खोलीचं स्वप्न तिनंही पाहिलं होतं, त्या खोलीत चूल कुठं मांडायची ते तिनं ठरवून टाकलं होतं. ती ताटली घेऊन दारात शेंगदाणे निवडत बसली. भुजंगनं पुन्हा गोधडीवर सहा पानं मांडली आणि नुसता बघत बसला. तिसऱ्या प्रहरी उन्हाचा पट्टा दारातून आत आला. सोनूबाई उठली, आत जायला पानांच्या कडेनं जपून पाऊल टाकायला लागली, आणि मधेच थबकली.

"अवो, हे काय? हे सहाही इथं एकसारखंच चढलेत की."

"कुठं?"

"हे बघा. हे काळे ठिपके. एक, दोन, मंग उडी, मंग हळूहळू खाली उतरतेत. ह्या कागदावर तसंच, ह्या कागदावर तसंच. सहाही. मला अक्षर येत न्हाई, पण नक्षी कळती."

भुजंगनं वाकून पाहिलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी, एका लांब विरामानंतर, सहाही वाद्यं एकदम उठत होती आणि सहाही तीच चाल वाजवत होती! कुणी उंच, कुणी खालच्या सप्तकात, पण चाल एकच. तो सगळीकडं एकेक सूर वाचत बसला होता, त्यामुळं त्याला अख्खी नक्षी दिसलीच नव्हती. आता व्हायोलिनचं त्याला वाचता येत होतं. चेलोचं वाचता येत होतं. सहाजण एकच बोलत असतील, तर मधले दोघं काय बोलतात ते विचारायची गरजच नव्हती.

त्यानं बोट ठेवून मोजलं. व्हायोलिनच्या कागदावर चौथा सूर होता पेटीची पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. चेलोच्या कागदावर चौथा सूर, पांढरी एक. मग व्हायोलाचा चौथा सूर दुसरा असेल कसा? तो बसला होता बरोबर मधल्या रेघेवर. त्या चिन्हाचे दोन कान जिथं एकमेकांना मिळत होते, नेमकं तिथं. चिन्ह बिचारं पहिल्यापासून बोट दाखवून सांगत होतं, ही बघा पांढरी एक, इथं बसलीय. बँडाचा हिशेब नव्हता, दीड घर नव्हतं, काही नव्हतं.

"सोने, भाता मार!" भुजंग ओरडला.

त्यानं मधल्या दोन ओळी वाजवल्या, आणि मग वरची एक त्यांच्याबरोबर.  मधली ओळ नुसती भर घालत नव्हती. ती वरच्या चालीला विचारत होती, कधी थांबवत होती, आणि एका जागी तर वरचे सगळे गप्प बसत होते आणि ती एकटीच बोलत होती. त्या एकट्या जागी भुजंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दात नसल्यामुळं त्याला धड रडताही येईना, नुसता फुसफुस आवाज. सोनूबाई आधी घाबरली आणि मग हसायला लागली. मग दोघंही हसले. दोन आठवड्यांनी त्या घरात कोणी पोटभर जेवलं.

पुढचं काम त्यानं आठ दिवसांत उरकलं. व्हायोलिनची चाल कारभारी मास्तरांना. खालचा ठेका पियानोच्या डाव्या हाताला. मधल्यातलं काही पियानोच्या उजव्या हाताला. आणि ती जी एकटीच बोलणारी ओळ होती, ती त्यानं चेलोला दिली, वर चढवून, चेलोच्या गळ्याच्या पार टोकाला. रेघा पुरेनात, तेव्हा रेघांच्या वर छोट्या छोट्या रेघांच्या शिड्या लावून तिथं सूर टांगले.

निरोपाच्या चार दिवस आधी मिसबाईंनी डॉक्टरांना शाळेत चहाला बोलावलं आणि चेलोसकट यायला सांगितलं. डॉक्टर आले. उंच, वाकलेले, पांढरी मिशी. तीस वर्षं राजूरपासून घनसावंगीपर्यंतचे पेशंट तपासून त्यांचं मराठी पार जालन्याचं झालं होतं. त्यांनी कागदावरचं नाव वाचलं आणि ते खुर्ची ओढून बसले. भुजंग पियानोशेजारी मिसबाईंची पानं उलटायला उभा राहिला.  पेटीवर गोड लागणं वेगळं आणि तीन माणसांनी तीन वाद्यांवर वाजवणं वेगळं.

पहिला भाग झाला. कारभारी मास्तर दोनदा अडखळले, पण ते नेहमीच अडखळायचे. दुसरा, संथ भाग सुरू झाला. पियानो खाली आला, व्हायोलिन थांबलं आणि डॉक्टरांच्या गजातून ती ओळ उठली. चार ठोके, पाच ठोके, आणि गज थांबला.

"हे कोणी लिहिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

भुजंगला वाटलं, गेली नोकरी. मिसबाईंनी त्याच्याकडं बोट केलं.

"ही ओळ चेलोची न्हाई," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई, साहेब," भुजंग कसाबसा म्हणाला. "व्हायोलाची हाय. चुकलं का?"

"चुकलं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरे, ही माझी ओळ हाय! तेव्हा मी व्हायोलाच वाजवायचो, चेलो मागनं धरला. आम्ही सहा पोरं होतो, डॉक्टरकी शिकत होतो. बाकीचे मला चिडवायचे, तुझं कुणाला ऐकू येत न्हाई, तू नसलास तरी चालतंय म्हणायचे. मंग चौदा सालची ती मोठी लढाई झाली. चारजण परत आलेच न्हाईत. एक मागच्या वर्षी गेला." त्यांनी गज मांडीवर ठेवला. "मला वाटलं, तिघांत बसवलं म्हंजी माझी ओळ पहिल्यांदा उडवली असणार. मीही तेच केलं असतं. जल्दी काम उरकतं."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि कागदाकडं वाकून बघितलं. "पण एवढ्या शिड्या कशाला लावल्या रे बाबा? म्हाताऱ्याला वर चढवून मारतो काय?"

सगळे हसले. भुजंगच्या छातीवरून धोंडा उतरला. ती ओळ डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवली, आणि ह्या वेळी शेवटपर्यंत.

चहा झाला. मिसबाईंनी डॉक्टरांसमोरच सांगून टाकलं की भुजंगरावांची नेमणूक झाली, पहिल्या तारखेपासून खोली. "ह्यांना सर्व चिन्हे अवगत आहेत," त्या अभिमानानं म्हणाल्या. डॉक्टरांनी भुजंगचा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही, आणि कारभारी मास्तरांच्या खांद्यावर चेलो देऊन निघून गेले.

भुजंगनं घरी जायला हवं होतं. सोनूबाई वाट बघत होती. पण ते 'सर्व चिन्हे' त्याला खुपत होतं. एवढं सगळं खरं वाजलं, आणि त्याच्या बुडाशी आपली एक थाप. तो दारापर्यंत गेला आणि माघारी आला.

"मिसबाई, एक सांगायचंय. मंग तुम्ही नोकरी द्या न्हाईतर नका देऊ. ते मधलं चिन्ह मला येत नव्हतं. मी खोटं बोललो. दोन आठवडे चुकीचंच लिहिलं. बायकोनं नक्षी दाखवली तेव्हा कळलं."

 मिसबाईंचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. झालं, आता आपलं काही खरं नाही, असं भुजंगला वाटलं.

"भुजंगराव," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पियानोला दोनच चिन्हे लागतात. ते तिसरे मलासुद्धा येत नाही. आपण चूक केली असती तर मला कळलेच नसते. ह्या एका महिन्यात मला झोप लागली नाही." आणि एवढं बोलून त्या चक्क हसत सुटल्या, डोळ्यांना रुमाल लावून. भुजंगही तोंडापुढं हात धरून हसला.

हसणं ओसरल्यावर त्यांनी व्हायोलाचा गठ्ठा टेबलावर ओढला आणि शेजारची खुर्ची त्याला दाखवली. अंगरख्याची टोकं सावरत तो अवघडून बसला. मिसबाईंच्या शेजारी खुर्चीवर बसायची त्याची ही पहिलीच वेळ.

"सांगा. ती पांढरी एक कुठे आहे?"

"मधल्या रेघेवर. दोन कानांच्या मधे. तिथून मोजायचं."

मिसबाईंनी बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत मोजत पहिली ओळ वाचायला लागल्या. सातव्या सुरावर त्या घसरल्या.

"न्हाई, चुकलं. परत पहिल्यापासून," भुजंग म्हणाला, आणि आपण कुणाला काय बोललो ते ध्यानात येऊन त्यानं जीभ चावली.

"होय, मास्तर," मिसबाई म्हणाल्या, आणि बोट पुन्हा मधल्या रेघेवर नेऊन मोजायला लागल्या.